ग्रामसभेत हवामान बदलावर ठराव मांडायचाय, पण त्यात मागायचं काय?

शापोराकाठ

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला, गाव नदीकाठी. गावाचं नाव लिहीत नाही, पंचमंडळी पण इथे वाचतात. आमचं युवक मंडळ दर जूनमध्ये झाडं लावतं, फोटो काढतं आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत परत झाडं लावतं. यंदा आमच्यातल्या दोघातिघांनी म्हटलं की हे पुरे झालं, येत्या ग्रामसभेत क्लायमेट चेंजवर सरळ ठरावच घेऊया. एक मुलगी एमएस्सी करतेय पर्यावरणात, तिने तर मसुदा पण लिहून आणला, त्यात पॅरिस करार, दीड डिग्री (तापमानवाढ ज्याच्या आत ठेवायची ती), नेट झिरो (जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच शोषायचा), २०२५ च्या नोव्हेंबरात ब्राझीलमध्ये बेलेमला झालेली संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद म्हणजे कॉप, सगळं होतं. वाचायला झकास, पण शेवटी "म्हणून ही ग्रामसभा मागणी करते की" याच्यापुढे जागा कोरी. मागणी कोणाकडे आणि कसली, कोणालाच सुचेना.

घरी बाबांना दाखवला तर ते म्हणाले, "ते ब्राझील राहूदे, मानशीचं दार कुजलंय, त्याचा ठराव घ्या आधी." आता बाबांचं पण खरं आहे. आमचं खाजन आहे, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातली पाण्याची दारं. खालच्या अंगाची शेती पडीकच आहे कारण उधाणाला खारं पाणी आत येतं. वरच्या अंगाला अजून भात होतं, पण क्यार वादळाच्या वेळी २०१९ च्या ऑक्टोबरात कापायला आलेलं भात आडवं झालं तेव्हापासून बऱ्याच जणांनी हात आखडते घेतले. २०२१ ला तौक्ते आलं, त्याच वर्षी जुलैत तो पूर आला, मुख्यमंत्री स्वतः म्हणाले होते १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा. म्हणजे बदल दिसतोय हो, दिसत नाही असं नाही, पण मानशीचं दार कुजणं हा क्लायमेट चेंज म्हणायचा की आळस, हेच कळत नाही. मंडळात यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो जगाचं बोलायचं तर मोठं बोला, दुसरा म्हणतो गटाराचं बोला. कोणी अशा ठरावाचं काम केलंय का? काय लिहावं, आणि त्याचा पुढे कुठे उपयोग होतो का, की फायलीत जाऊन पडतो?

खाजनातला म्हातारा

तुझे बाबा शहाणे आहेत. पण तू पण चुकीचा नाहीस, दोन्ही एकच गोष्ट आहे ते सांगतो, जरा लांबण लागेल.

मी तिसवाडीतला, आयुष्य बांधावर गेलं. मानस म्हणजे काय हे इथे पुण्या-मुंबईचे वाचत असतील त्यांच्यासाठी: खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पाण्याखालची जमीन, बाहेरून चिखलाचा, गवताचा, जांभ्या दगडाचा बांध घालून शेकडो वर्षांपूर्वी आमच्या पूर्वजांनी सोडवून घेतली. गोव्यात अशी साधारण १८ हजार हेक्टर जमीन सांगतात. बांधात जिथे नाला नदीला मिळतो तिथे मानस, लाकडी दारं. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरतीला बाहेरचं पाणी दाराला दाबून धरतं आणि दार आपोआप बंद. मोटर नाही, माणूस नाही. आत कोरगूट, आसगो असली खारं सोसणारी भातं. पावसाने मीठ धुतलं की पेरणी, भात निघालं की त्याच पाण्यात मासळी.

आता यात हवामान कुठे शिरतं बघ. समुद्र वर येतोय तो काही एका रात्रीत नाही, १९०१ पासून २०१८ पर्यंत जगभरात सरासरी वीसेक सेंटीमीटर, म्हणजे वीतभर, आणि अलीकडे वर्षाला साडेतीन-पावणेचार मिलिमीटरच्या चालीने. ऐकायला काहीच वाटत नाही. पण बांधाची उंची आणि अमावास्या-पुनवेच्या उधाणाची उंची यात अंतरच वीत-दीड वीत असतं रे! आणि दुसरी गोष्ट याहून वाईट. पाऊस हल्ली एकदम कोसळतो. नेमका भरतीच्या वेळेला कोसळला तर मानस उघडतच नाही, बाहेरून नदी दाबून धरते, आतलं पाणी जाणार कुठे? शेत बुडतं ते गोड्या पाण्यात, आणि आतून फुगलेल्या पाण्याने बांध जो ढिला होतो तो पुढच्या उधाणाला फुटतो. मग खारं पाणी आत, आणि मीठ धुवून जायला पुढे दोन-तीन पावसाळे बघायचे. तेवढ्यात माणूस शेती सोडतो.

बांध कसा जातो ते बघायला एकदा ओहोटीला खाली उतर. वरून धड दिसतो. खालच्या अंगाला कुर्ल्यांची बिळं असतात, बोट जाईल एवढी, त्यातून पाणी झिरपायला लागलं की पहिल्यांदा गढूळ येतं. स्वच्छ झिरपलं तर भीती नाही, गढूळ म्हणजे आतली माती चाललीय. आमचे जुने लोक त्या दिवशीच चिखल आणि पेंढा कोंबून बूज करायचे. आता बोलावलं तर कोण येतं? १९६४ चा कूळ कायदा आला, जमीन कसणाऱ्याला मिळाली, चांगलंच झालं, पण आधी गावकारी, म्हणजे गावची जुनी सामायिक संस्था, बांध सांभाळायची ती जबाबदारी कूळ संघटनांवर आली आणि बऱ्याच ठिकाणी संघटना फक्त मानशीच्या पावणीपुरती, म्हणजे तिथली मासळी धरायच्या हक्काच्या लिलावापुरती उरली. पावणीत ज्याने मासळीचा हक्क घेतला त्याला पाणी आत हवं, काळुंद्रं, शेवटे, सुंगटं मिळतात. तो भरतीला दार अडकवून उघडं ठेवतो. शेतकरी ओरडतो, पण त्याची शेती पडीक, मग त्याच्या ओरडण्याला वजन नाही. आमच्याकडे एकाने तर दाराच्या जागी जाळी बसवली होती, वर मलाच विचारतो, "शेती करता कुठे तुम्ही?"

म्हणून मागणी अशी करा की दार या एप्रिल-मेमध्ये बदला, पावसाआधी, आणि पावणीच्या करारात स्पष्ट घाला की पेरणी ते कापणी मानस शेतकऱ्याच्या कलाने चालेल. हाच तुमचा क्लायमेट ठराव. समुद्र वर येणार हे गृहीत धरून बांध किती वाढवायचा ते पण त्यातच विचारा.

हिशेबनीस

खाजनवाल्या काकांना मान, पण मूळ प्रश्नाला थोडं थंड पाणी ओततो.

भारताचा माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला साधारण दोन टन, जगाची सरासरी साडेचारच्या वर, अमेरिकेचा चौदाच्या आसपास. आजवर हवेत जे काही सोडलं गेलं त्यात अमेरिकेचा वाटा जवळपास पाव, आपला तीन-चार टक्के. तुमच्या गावाने उद्या चुली विझवल्या तरी समुद्राला पत्ता लागणार नाही. मग ग्रामसभेने "आम्ही नेट झिरो होऊ" वगैरे का लिहायचं? १९९२ च्या हवामान करारातच ठरलंय ना, जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही, ज्यांनी जास्त धूर केला त्यांनी आधी हात आवरायचा आणि पैसा द्यायचा. २००९ ला कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देशांनी कबूल केलं, २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर. ते त्यांच्याच हिशेबाने २०२२ ला जमले, आणि त्यातला मोठा भाग कर्ज! बाकूच्या परिषदेत २०२४ मध्ये विकसनशील देशांनी १.३ ट्रिलियनचा आकडा मांडला, हातात पडलं २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जचं आश्वासन, हातोडा आपटून मंजूर पण करून टाकलं आणि आपल्या प्रतिनिधीला त्यानंतर उठून सांगावं लागलं की आम्हाला हे मान्य नाही.

तेव्हा मोठ्यांच्या या भांडणात गावच्या ठरावाचं वजन शून्य. दार बदला, जरूर बदला, पण त्याला क्लायमेटचा टिळा कशाला लावायचा? उलट तसं केलं की आपलं खातं हात वर करायला मोकळं, "हा जागतिक प्रश्न आहे, आम्ही काय करणार."

एक चहा दोन पाव

आमच्या पंचायतीने गेल्या वर्षी पर्यावरण दिनाला प्लास्टिकचा बॅनर लावला होता, "प्लास्टिक टाळा". त्यापेक्षा तुमचा ठराव बराच असणार, बिनधास्त मांडा.

कायद्याची वही

हिशेबनीस यांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, जबाबदारी झटकायला जागतिक शब्द फार सोयीचे पडतात, ऑफिसांतून रोज ऐकते. पण बाकीच्याशी मी सहमत नाही, आणि सांगते का.

हवामानाचा टिळा लावायचा तो पुण्य मिळावं म्हणून नाही, तर त्याने दोन-तीन दारं उघडतात. पहिलं म्हणजे सीआरझेड, किनारपट्टीवर काय बांधता येतं त्याचे केंद्राचे नियम. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे, त्यात खाजन जमिनींचे नकाशे करा, तिथल्या खारफुटीचं रक्षण करा आणि खाजनात विकासकामांना परवानगी नाही असं लिहिलंय. तुमच्या ठरावात सर्व्हे नंबर घालून "हे खाजन आहे" एवढं ग्रामसभेने नोंदवलं तरी उद्या कोणी भराव टाकायला आला की तुमच्या हातात कागद असतो. भराव ही मोठी गोष्ट आहे हो, खाजनाचा एक कोपरा मातीने भरला की तिथलं पाणी उरलेल्यांच्या घरात.

दुसरं, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात म्हटलं की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क घटनेच्या १४ आणि २१ कलमांतून येतो. गंमत अशी की त्याच निकालात सौरऊर्जेच्या तारांसाठी माळढोकाच्या बाबतीतली अट सैल केली, म्हणजे हक्क मिळाला पण पक्ष्याच्या वाट्याला काय आलं हा प्रश्नच आहे. तरी पण "हवामान" हा शब्द आता कोर्टात नुसता भाषणातला राहिलेला नाही.

तिसरं, हिशेबनीस म्हणतात गावच्या ठरावाचं वजन शून्य, त्यावर. २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या २७ लॉ स्टुडंट्सनी वर्गात बसून विचार केला की हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावा. वानुआतू नावाच्या देशाने, लोकसंख्या आपल्या साष्टी तालुक्याच्या आसपास असेल, तो उचलला. मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव मतदानाशिवाय मंजूर, आणि २३ जुलै २०२५ ला हेगच्या न्यायालयाने मत दिलं की हवामान सांभाळणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, मोडली तर भरपाईपर्यंत गोष्ट जाऊ शकते. सल्लागार मत आहे, उद्या कोणी चेक घेऊन येणार नाही, मान्य. पण सुरुवात कुठून झाली ते बघा. आणि त्या सुनावणीत बेटांवरच्या लोकांनी काय मांडलं? कुठलं शेत कधी खारं झालं, कुठली विहीर गेली, कुठलं स्मशान समुद्रात गेलं.

म्हणून माझा सल्ला: ठरावाबरोबर नोंद ठेवायला सुरुवात करा. बांध कधी फुटला, किती लांबी गेली, कुठले सर्व्हे नंबर खारे झाले, विहिरीचं पाणी कधी मचूळ लागलं. पंचायतीची जैवविविधता समिती असते, २००२ च्या कायद्याखाली, तिची लोक जैवविविधता नोंदवही असते, बहुतेक ठिकाणी एकदा केली आणि कपाटात ठेवली. कोरगुटाचं बियाणं कोणाकडे शिल्लक आहे हे त्यात असायला हवं. आणि साधी गोष्ट, पीक गेलं की शेतकरी आधार निधीसाठी विभागीय कृषी कार्यालयात अर्ज करा. आमच्याकडचे अर्धे लोक "कोण त्या फेऱ्या मारणार" म्हणून करत नाहीत, मग सरकारी कागदावर त्या वर्षी नुकसानच झालेलं नसतं.

शापोराकाठ

बापरे, एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांना देव बरें करूं. काका, जाळीवाला प्रकार आमच्याकडे पण आहे, फक्त तो माणूस माझ्या आतेचा दीर लागतो त्यामुळे ग्रामसभेत उठून बोलणार कोण हा वेगळाच प्रश्न.

एक अडचण राहिली. आमचा पडीक भाग आहे तिथे आता खारफुटी माजलीय, माणसाच्या वर गेली. एमएस्सीवाली म्हणते ती हात लावायची नाही, खारफुटी चिखलात भरपूर कार्बन धरून ठेवते, लाट अडवते, जगभर लोक ती मुद्दाम लावतायत. आणि ज्यांची ती शेतं आहेत ते म्हणतात आमच्या सातव्या पिढीची भातजमीन, बांध फुटला म्हणून झाडं आली, आता वन खातं कापू देत नाही, म्हणजे आमची जमीन गेलीच की. दोघंही मंडळाचेच. मसुद्यात हे वाक्य कसं लिहायचं?

खाजनातला म्हातारा

हे भांडण प्रत्येक खाजनात आहे, एका वाक्यात मिटायचं नाही. मी माझं मत सांगतो, पटेल तर घे.

बांधाच्या बाहेर नदीच्या अंगाला जी खारफुटी आहे तिला कोणी बोट लावायचं नाही, उलट जिथे नाही तिथे लावा. बोटींच्या लाटा, वादळाचं पाणी, सगळं ती आधी अंगावर घेते, मग बांधावर येतं. जिथे कोणी ती तोडली तिथला बांध दर वर्षी दुरुस्तीला येतो, बघून घे. बांधाच्या अंगावर मात्र नको, मुळं माती फोडतात. आणि आतली? जिथे माणसाच्या वर गेली, पंधरा-वीस वर्षं शेत नाही, तिथे खरं सांगायचं तर आता भात कोण लावणार आहे? ज्यांची जमीन आहे ते मुंबईला नाहीतर आखातात. तिथे राहूदे. पण जिथे गेल्या दोन-चार वर्षांतच पाणी शिरलंय, गुडघ्याएवढी रोपं आहेत, आणि शेतकरी उद्या उतरायला तयार आहे, तिथे बांध आधी बुजवा म्हणावं. खारं पाणी थांबलं की पुढची रोपं येतच नाहीत, कापाकापीचा प्रश्नच येत नाही. कापायचं म्हटलंत की वन खात्याची परवानगी, आणि ते भांडण ग्रामसभेत काढलंत तर दाराचा विषय राहील बाजूला, संध्याकाळ त्यातच जाईल.

आतेच्या दिराचं म्हणशील तर ठरावात माणसाचं नाव घालूच नये. "मानशीच्या करारातील अटींचं पालन" एवढंच लिहायचं. सगळ्यांना कळतं.

दूधसागर पॅसेंजर

मी मोलेच्या आंदोलनात होते म्हणून लिहिते. २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये कळलं की तीन प्रकल्प एकदम येतायत, रेल्वेचं डबल ट्रॅक, हायवेचं चौपदरीकरण आणि तमनारची वीजवाहिनी, सगळे भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या अंगावरून. त्या वेळी क्लायमेट चेंज हा शब्द प्रत्येकाच्या पोस्टरवर होता, पण चांदर गावातले लोक १ नोव्हेंबरच्या रात्री रुळांवर जाऊन बसले ते दीड डिग्रीसाठी नव्हे. त्यांच्या घरांच्या भिंतींपासून रूळ हाताच्या अंतरावर होते आणि मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना जाणारा कोळसा त्यांच्या दारातून वाढणार होता. त्या रात्री तिथे चर्चचे लोक होते, मच्छीमार होते, कॉलेजची पोरं होती, गिटार पण होती. पहाटेपर्यंत लोक हलले नाहीत.

पण कोर्टात काय चाललं? गाणी नाही चालली. कुठल्या जंगलात कुठले प्राणी, किती झाडं, रेल्वेला खरंच एवढी क्षमता लागते का, याचे कागद चालले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ च्या एप्रिलमध्ये डबल ट्रॅकिंगच्या विरोधात अहवाल दिला, आणि ९ मे २०२२ ला न्यायालयाने त्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली. तो कागद तयार करायला विद्यार्थी, शास्त्रज्ञ, वकील महिनोन्महिने बसले होते, त्यातले बरेच जण रुळांवर कधी आलेच नाहीत.

म्हणून तुमच्या मंडळातल्या दोन तटांना भांडू देऊ नका हो. एमएस्सीवालीला नोंदीचं काम द्या, ती तेच शिकलीय. आणि हिशेबनीस, तुमचे आकडे बरोबर आहेत पण कोळशाचं विसरलात. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये कोळसा "बंद" करण्याऐवजी "कमी" करणं असा शब्द शेवटच्या क्षणी बदलून घेतला तो आपल्याच देशाने, चीनच्या साथीने. माणशी दोन टन हा बचाव जिनिव्हात चालेल, पण ज्या घरात कपडे वाळत घातले की काळी पूड बसते त्या घरात हा आकडा कोण सांगणार? देशात पण जास्त धूर करणारे आणि तो गिळणारे वेगळेच आहेत.

हिशेबनीस

कोळशाचं मान्य, मी देशादेशांचं बोलत होतो, तुम्ही देशाच्या आतलं बोलताय. खरं तर तिथे पण तोच नियम लावायला हवा, ज्याने केलं त्याने भरावं.

पैशाचं मात्र अजून सांगतो, कारण ठरावात लोक भाबडेपणाने "जागतिक निधीतून मदत मिळावी" लिहितात. हानी आणि नुकसानीचा निधी २०२२ ला शर्म अल-शेखला ठरला, दुबईला २०२३ मध्ये चालू झाला, कबूल झालेली रक्कम जेमतेम ७० कोटी डॉलरच्या वर. सगळ्या जगासाठी. त्यातून तुमच्या मानशीला दार येणार नाही. बेलेमला जुळवून घेण्यासाठीचा पैसा २०३५ पर्यंत तिप्पट करायचं म्हटलंय, ते पण "प्रयत्न करावेत" अशा भाषेत. आपल्याकडे जो काही येतो तो संयुक्त राष्ट्रांच्या ग्रीन क्लायमेट फंडातून, किंवा २०२२ पर्यंत केंद्राच्या २०१५ च्या अनुकूलन निधीतून यायचा, नाबार्डसारख्या संस्थेच्या हातून, आणि तिथे प्रस्ताव जातो तो राज्याच्या खात्याकडून. म्हणजे गावाने मागायचं ते राज्याकडे: तुमच्या प्रस्तावात गोव्याची खाजनं घाला, आणि आमचं खाजन त्या यादीत घाला. एवढं नेमकं लिहिलंत तर मी पण हात वर करीन. मृदा संधारण विभाग बांधांची कामं करतोच, आधी त्यांच्याकडे अर्ज. दार यंदाच पाहिजे, फंड येईल तेव्हा येईल.

शापोराकाठ

काल रात्री मंडळाच्या खोलीत बसून मसुदा परत लिहिला. पॅरिस करार एका ओळीत आणला, एमएस्सीवाली थोडी रुसली पण नोंदवही तिच्याकडे म्हटल्यावर खूश. आता असं आहे: ही ग्रामसभा नोंद घेते की गावच्या खाजनात (सर्व्हे नंबर तलाठ्याकडून घेतोय) उधाणाचं पाणी पूर्वीपेक्षा वर चढतं आणि अवेळी पावसाने पीक जातं. मानशीची दारं पावसाआधी बदलावीत. बांधाची उंची वाढत्या समुद्रपातळीचा विचार करून ठरवावी आणि तो हिशेब ग्रामसभेत मांडावा. पावणीच्या अटी शेतीला धरून असाव्यात. खाजनात भराव नको. बाहेरची खारफुटी राखावी, आतली नव्याने पाणी शिरलेली शेतं शेतकऱ्यांना परत लागवडीला मिळावीत. राज्याने हवामान निधीसाठी प्रस्ताव करताना गावचं खाजन त्यात घ्यावं. प्रत मामलेदार, कृषी, मृदा संधारण, जैवविविधता मंडळ यांना.

बाबांनी वाचला. म्हणाले "दार" हा शब्द सगळ्यात वर घ्या, बाकी कोणी वाचणार नाही. घेतला.

शेवटचा प्रश्न, "पूर्वीपेक्षा वर चढतं" हे कोणी सभेत विचारलं की किती वर, तर काय सांगू? आमच्याकडे आकडा नाही, सगळे आपापल्या गुडघ्यावर हात लावून दाखवतात.

कायद्याची वही

तर ठरावात "ग्रामस्थांच्या सांगण्यानुसार" असे दोन शब्द घाला, ते खोटं नाही आणि कोणी पकडू पण शकत नाही. मोजमाप आजपासून सुरू करतोय असं पुढच्या ओळीत लिहा.

खाजनातला म्हातारा

मोजायला काय मोठं यंत्र नको. मानशीच्या कडेला जांभ्याचा खांब असतो, हलणारा नाही तो बघ. त्यावर ऑइलपेंटने पट्टी मार, सेंटीमीटरच्या खुणा, शून्य कुठे धरलास ते पंचायतीच्या भिंतीवरच्या एखाद्या पक्क्या खुणेशी लेव्हल पाइपने जुळवून वहीत लिही, नाहीतर खांब बदलला की सगळं गेलं. दर अमावास्येला आणि पुनवेला भरती पुरी चढली की वाचायचं, मोबाइलवर फोटो, तारीख-वेळ आपोआप येते. भरतीचं वेळापत्रक मुरगाव बंदराचं मिळतं, नदीत आत यायला पाण्याला वेळ लागतो, तुमच्याकडे किती उशिरा चढतं ते पहिल्या दोन-तीन उधाणांत कळेल. त्या दिवशी पाऊस होता का तेही लिही, पुराचं पाणी आणि समुद्राचं पाणी वेगळं काढायला तेच लागतं. आणि हे काम एकट्याने घेऊ नकोस. आतेच्या दिराला पण एक पाळी दे, तो रोज मानशीवर असतोच.